अंगकाठीचा दाखला

जळगावच्या सराफ बाजारात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर लोडाला टेकून बसलेल्या, पोट सुटलेल्या एखाद्या पेढीवाल्याला मधुमेह जडला आहे असे कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्याला त्यात यत्किंचितही नवल वाटत नाही. बैठा व्यवसाय, दुपारच्या वरण-बट्टीवरची तुपाची धार आणि रात्रीची तर्रीदार शेवभाजी डोळ्यांपुढे आणून तो मनातल्या मनात या रोगाचा पंचनामा पुरा करून टाकतो. परंतु तीच वार्ता रावेर-यावलकडच्या केळीबागेत घड वाहणाऱ्या, हाडांना कातडे चिकटलेल्या मजुराविषयी ऐकू आली, म्हणजे सर्वांना प्रथम प्रयोगशाळेच्या कागदाचाच संशय येतो, 'याला कशी शुगर असेल?' असा सवाल होतो, आणि पुष्कळदा तो कागद चौघडी घालून देवघरातल्या तसबिरीमागे जाऊन बसतो. अंगकाठी पाहून निरोगीपणाचा दाखला देण्याचा हा शिरस्ता सुशिक्षितांतही रूढ आहे, आणि खानदेशासारख्या मुलखात, जिथे एका बाजूस तापीकाठची सधन कसब्याची गावे आणि दुसऱ्या बाजूस सातपुड्यातले अर्धपोटी पाडे एकाच जिल्हा रुग्णालयाच्या दारात येऊन उभे राहतात तिथे, तो विशेष घातक ठरतो.

आपल्याकडील प्राचीन वैद्यांनी तरी ही गल्लत केली नव्हती. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे 'सहज' आणि 'अपथ्यनिमित्तज' असे दोन भेद सांगितले आहेत. पहिल्याचा रोगी कृश, रुक्ष, अल्पाहारी आणि तहानेने व्याकूळ असतो, तर दुसऱ्याचा रोगी स्थूल, बहुभोजी आणि शय्या, आसन व निद्रा यांत रमणारा असतो, असे त्यात वर्णन आहे. या भेदांची आजच्या वर्गवारीशी तंतोतंत सांगड घालण्याचा मोह अनेकांना होतो, आणि तो आवरलेला बरा. तथापि एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या देहांचे दोन निरनिराळे विकार नांदत आहेत हे निरीक्षण त्या ग्रंथात आहे, ही गोष्ट नाकारता येत नाही. युरोपात हाच भेद प्रयोगाने दाखवून देण्यास १९३६ साल उजाडावे लागले, जेव्हा लंडनच्या हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी काही रोग्यांचे शरीर इन्शुलिनला चटकन दाद देते आणि काहींचे देत नाही, असे सिद्ध केले.

हे इन्शुलिन म्हणजे काय, याची हकिकत थोडक्यात सांगणे भाग आहे. भाकरीतले, भातातले किंवा केळ्यातले पिष्ट पोटात पचून त्याची अखेर ग्लुकोज नावाची शर्करा होते आणि ती रक्तावाटे सर्वांगात फिरू लागते. परंतु रक्तातून ती स्नायूंच्या व मेदाच्या पेशींत शिरावयाची तर जठराच्या मागे आडव्या पडलेल्या स्वादुपिंडातून स्रवणारे इन्शुलिन हे संप्रेरक लागते. या स्वादुपिंडात विखुरलेले पेशींचे पुंजके १८६९ साली पॉल लँगरहान्स या तरुण जर्मन विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, परंतु त्यांचे कार्य त्याला उमगले नाही. १८८९ साली स्ट्रासबर्ग येथे मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकताच त्याला मधुमेह झाला, तेव्हा रोगाचे मूळ हाती आले. आणि १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी त्या ग्रंथीतला अर्क वेगळा केला, तेव्हा उपायही हाती आला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या, अस्थिपंजर झालेल्या मुलाला तो अर्क प्रथम टोचला गेला. अर्क अशुद्ध असल्यामुळे पहिला प्रयत्न फसला, पण कॉलिप या रसायनज्ञाने तो शुद्ध करून दिल्यावर त्याच महिन्यात त्या मुलाची साखर उतरली. त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून मृत्यूची मुदत काही महिने लांबवणे एवढाच वैद्यकाचा अंमल चालत असे.

धुळे जिल्ह्यातील वाचकाला ही सर्व व्यवस्था समजावून सांगण्यास पांझरेवरील फड पद्धतीहून चांगले उदाहरण मला सुचत नाही. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटावर गावाने नेमलेला पाटकरी, जो पाळीपाळीने प्रत्येक शेताचे दार उघडून देतो. शर्करा हे पाटाचे पाणी, पेशी ही शेते आणि इन्शुलिन हा पाटकरी असे मानले, तर मधुमेहाचे दोन प्रधान प्रकार सहज उकलतात. पहिल्या प्रकारात पाटकरीच नाहीसा झालेला असतो: पाट तुडुंब भरून पाणी रस्त्यावर वाहत असते आणि शेते मात्र करपत असतात. दुसऱ्या प्रकारात पाटकरी हजर असतो, प्रारंभी तर एकाच्या जागी दोन राबत असतात, पण गाळाने दारेच अशी जाम झालेली असतात की जोर लावूनही ती पुरती उघडत नाहीत. वर्षानुवर्षे असा जोर लावून पाटकरीही अखेर थकतो.

पाटकरी नाहीसा होण्याचे कारण मोठे चमत्कारिक आहे. शरीराची संरक्षक यंत्रणा, जी परक्या जंतूंवर चालून जावयाची, तीच फितूर होऊन स्वादुपिंडातील इन्शुलिन करणाऱ्या बीटा पेशींचा नाश करते. यालाच टाइप वन म्हणतात. तो बहुधा बालपणी किंवा तारुण्याच्या उंबरठ्यावर येतो, पण तेव्हाच येतो असा नियम नाही. चाळिशीतही तो येऊ शकतो, आणि तेव्हा तो बहुधा हळूहळू येत असल्यामुळे रोगी दुसऱ्या प्रकारात जमा होऊन वर्षानुवर्षे गोळ्यांवर काढतो. मुलांमध्ये मात्र त्याची चाल वेगवान असते. चांगले खेळणारे मूल आठ-पंधरा दिवसांत वाळू लागते, रात्री उठून उठून पाणी पिते, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय त्याला पुन्हा लागते. आई म्हणते, उन्हाळा आहे म्हणून तहान लागते, आणि भुसावळ-जळगावचा वैशाख ज्याने सोसला आहे त्याला तिचे म्हणणे चुकीचे तरी कसे वाटावे? पुढे उलट्या आणि पोटदुखी सुरू होते, श्वास खोल आणि भरभर चालू लागतो, श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येतो, आणि मूल ग्लानीत जाते. साखर जाळता न आल्यामुळे शरीर चरबी जाळू लागते, त्या जळण्यातून कीटोन नावाची आम्ले रक्तात साचतात, आणि या अवस्थेला कीटोॲसिडोसिस म्हणतात. पोटाचा बिघाड म्हणून सलाईन लावण्यात, किंवा बाहेरचे काही झाले म्हणून भगताकडे नेण्यात या अवस्थेत जो वेळ जातो, तो परत मिळत नाही. बोटाच्या टोकावरचा रक्ताचा एक थेंब आणि एक पट्टी, एवढ्याने निदानाचा मार्ग खुला होतो. उलट्या करणाऱ्या प्रत्येक वाळलेल्या मुलाची ही तपासणी तालुक्याच्या प्रत्येक दवाखान्यात व्हावी, असे मला आग्रहाने वाटते.

टाइप वनच्या रोग्याला इन्शुलिन हे औषध नसून अन्नपाण्याइतकीच ती नित्याची गरज असते. सवय लागेल म्हणून ते बंद करणे, एखाद्या जडीबुटीच्या भरवशावर ते सोडणे, किंवा मुलीचे लग्न जमेपर्यंत सासरच्यांना कळू नये म्हणून माहेरी चोरून टोचत राहून लग्नानंतर थांबवणे, यांपैकी काहीही केले तरी परिणाम एकच आणि तो थोड्याच दिवसांत. निदान संशयास्पद असेल तर डॉक्टर दोन तपासण्या लिहून देतात. सी-पेप्टाइड ही त्यांतली एक, जी स्वादुपिंड स्वतःचे इन्शुलिन अद्याप किती करते याचा अंदाज देते. दुसरी अँटीबॉडीची, बहुधा जीएडी या नावाची, जी ती फितुरी झाली आहे की नाही हे दाखवते.

दुसरा प्रकार, टाइप टू, हा जगातील नव्वद टक्क्यांहून अधिक मधुमेह्यांचा प्रकार होय, आणि पेढीवरच्या शेटजींचे चित्र आपल्या मनावर कोरले गेले ते त्याच्यामुळेच. परंतु याही प्रकारात आपली समजूत अपुरी आहे हे दाखवून देण्याचे श्रेय पुण्याकडे जाते. तेथील के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रिया आणि पुढे त्यांची अपत्ये यांचा दीर्घ अभ्यास चालवला. तेथे जन्मलेल्या बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमने कमी भरले. पण कातडीखालची चरबी मोजली तेव्हा असे आढळले की या चिमुकल्या देहात स्नायू आणि अवयव कमी असले तरी चरबी मात्र त्या मानाने राखून ठेवलेली आहे. वरून कृश आणि आतून मेदस्वी, असे हे आपले जन्मजात रूप! २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात डॉ. याज्ञिक यांनी आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्यासह स्वतःचे छायाचित्रच छापून टाकले: दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक, ज्याला बीएमआय म्हणतात, अगदी सारखा, २२.३, आणि देहातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के तर याज्ञिकांची २१.२ टक्के. विद्वानांनी स्वतःचा देह इतक्या खेळकरपणे पुराव्यात रुजू केल्याची उदाहरणे विरळा.

म्हणूनच आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा शिंप्याची फीत अधिक उपयोगी. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर यांच्या वर गेली, तर हातपाय काटकुळे असले तरी पोटातल्या चरबीने दारे जाम करण्यास प्रारंभ केला आहे असे समजावे. बीएमआयचीही धोक्याची मर्यादा पाश्चात्त्यांसाठी २५ असली तरी भारतीयांसाठी ती २३ धरतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीचा महाराष्ट्रासंबंधीचा भाग २०११ साली प्रसिद्ध झाला, त्यात राज्यातील प्रौढांत मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के आढळले, शहरांत १०.९ आणि खेड्यांत ६.५. पुढे २०२३ साली सर्व देशाचा हिशेब लागला, तेव्हा सुमारे १० कोटी १० लक्ष मधुमेही आणि त्याखेरीज सुमारे १३ कोटी ६० लक्ष पूर्वमधुमेही असा तो भरला. खेड्यांतले साडेसहा टक्के सगळेच काही गादीवर बसणारे नसणार. आपल्या आहारातही पालट झालाच आहे. दादर ज्वारीची भाकरी आणि कळण्याची भाकरी यांची जागा गव्हाने आणि पॉलिशच्या तांदळाने घेतली. आखाजीचा आमरस आणि कानबाईचे रोट वर्षातून एकदाच येतात, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, परंतु दिवसातून सहा वेळा मिळणारा गोड चहा आणि टपरीवरची भजी यांना वार्षिक सणाचा मान कोणी दिला? केळ्याविषयीही जळगावकर नेहमी विचारतात. एक मध्यम केळे म्हणजे सुमारे २७ ग्रॅम कर्बोदके, एवढे ध्यानात ठेवून, पूर्ण पिकून डाग पडलेल्यापेक्षा जरा कमी पिकलेले, आणि जेवणावर वरकड म्हणून नव्हे तर इतर कर्बोदकांत वजावट करून, ते बहुतेकांना खाता येते. केळ्याचे वेफर्स मात्र निराळ्या खात्यात लिहावेत.

या प्रकाराचे खरे कपट असे की तो पुष्कळ वर्षे बोलत नाही. डोळ्यांच्या पडद्यावरील सूक्ष्म रक्तवाहिन्या, मूत्रपिंडाच्या चाळण्या आणि पायांच्या मज्जातंतूंची टोके यांना तो मुकाट्याने पोखरत असतो, आणि काही रोग्यांत तर निदानाच्या दिवशीच ही हानी झालेली आढळते. मेटफॉर्मिन हे त्याचे पहिले, जुने आणि स्वस्त औषध. त्याविषयी एवढेच सांगावयाचे की दीर्घकाळ घेतल्यास ते ब-१२ या जीवनसत्त्वाचे शोषण कमी करते, आणि शाकाहारी घरांत ते आधीच तुटपुंजे असते, म्हणून पायांना मुंग्या आल्या की सारा दोष साखरेवर टाकण्यापूर्वी ब-१२ तपासून घ्यावे.

याच ब-१२ ने पुण्याच्या अभ्यासालाही एक अनपेक्षित वळण दिले. गर्भारपणात ज्या मातांच्या रक्तात ब-१२ कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या अपत्यांत सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक आढळली. गर्भावस्थेत प्रथमच उद्भवणाऱ्या मधुमेहाला, ज्याला डॉक्टर जेस्टेशनल किंवा जीडीएम म्हणतात, म्हणूनच दुहेरी महत्त्व आहे. तो मातेचा तात्पुरता विकार असतो, पण त्याची खतावणी अपत्याच्या नावावरही होत असते. सरकारी मार्गदर्शनानुसार प्रत्येक गर्भवतीची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करावयाची असते: पोटी अन्न असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यावयास देऊन दोन तासांनी रक्त घ्यावयाचे, आणि साखर १४० किंवा अधिक आली तर उपचार सुरू करावयाचे. उपाशीपोटी येण्याची अट काढून टाकली हे योग्यच झाले. आडगावाहून पहाटेची एसटी धरून येणाऱ्या गर्भवतीला उपाशी ठेवणे हे शास्त्रापेक्षा शिक्षेच्या जवळ जाते. प्रसूतीनंतर ही साखर बहुधा उतरते, आणि तिथेच घरचे लोक निश्चिंत होतात. वस्तुतः सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी आणि पुढे दरवर्षी एकदा, हा क्रम त्या स्त्रीने सोडता कामा नये, कारण पुढील आयुष्यात टाइप टू होण्याचा तिचा संभव इतरांहून पुष्कळ अधिक असतो. आणि डिंकाच्या लाडवांचा डबा तिच्या हाती देण्यापूर्वी सासूबाईंनी हे ऐकलेले बरे.

आता प्रयोगशाळेच्या त्या कागदाकडे वळू. त्यावरील 'फास्टिंग' म्हणजे निदान आठ तास अन्न न घेता दिलेले रक्त. ते १०० च्या आत असेल तर स्वाभाविक, १२६ किंवा वर असेल तर मधुमेह, आणि मधली जी पट्टी, जिला लोक 'बॉर्डरवर आहे' असे मोठ्या समाधानाने म्हणतात, ती पूर्वमधुमेहाची. 'पीपी' हे जेवणास प्रारंभ केल्यापासून दोन तासांनी घेतलेले रक्त असते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन तेच केले तर त्याला जीटीटी म्हणतात, आणि त्यात १४० च्या आत स्वाभाविक तर २०० किंवा वर मधुमेह. 'रँडम' म्हणजे वेळकाळ न पाहता घेतलेले रक्त. ते २०० किंवा वर असून सोबत तहान, वारंवार लघवी आणि वजन घटणे ही लक्षणे असतील तर निदान पक्के. हे सर्व आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या मापाचे. विलायतेतील मुलाने पाठवलेल्या कागदावर मात्र साखर ७ अशी लिहिलेली असते आणि धुळ्यातल्या आईच्या पोटात गोळा येतो की पोराची साखर एवढी उतरली कशी. तिकडचे माप मिलिमोल असते, त्याला १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो, आणि ७ चे १२६ होतात, म्हणजे चिंता करावयाचीच असेल तर ती उलट दिशेने करावी.

'एचबीए१सी' हे नाव पाहून रोगी बिचकतो, परंतु त्यातील कल्पना सुबोध आहे. रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते, रक्तातल्या साखरेचे काही कण त्याला कायमचे चिकटून बसतात, आणि तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणून किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली हे मोजले की मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. तपासणीच्या आदल्या दिवशी उपास करून फास्टिंगला चकवता येते, याला नाही. ५.७ च्या खाली स्वाभाविक, ६.५ किंवा वर मधुमेह. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४. याच्याच बाजूला कधी क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन यांचे आकडे असतात, ते साखरेचे नसून मूत्रपिंडांच्या प्रकृतीचे होत.

परंतु या १२० दिवसांच्या हिशेबातच एक मेख आहे, आणि ती खानदेशातील वैद्यकाने विशेष ओळखावी अशी आहे. सातपुड्याच्या पट्ट्यातील भिल्ल, पावरा, मावची आदी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक दोष बऱ्याच प्रमाणात आढळतो. सिकलसेलच्या रोग्याच्या तांबड्या पेशी अल्पायुषी असतात. साखर चिकटावयास त्यांना पुरेशी मुदतच मिळत नाही, आणि एचबीए१सी खोटाच कमी दिसतो. ज्यांच्यात हा दोष केवळ वाहक रूपाने असतो त्यांच्याही बाबतीत, यंत्र कोणत्या पद्धतीचे यावर, आकडा फिरू शकतो. उलट लोहाच्या कमतरतेने झालेल्या पंडुरोगात, जो आपल्या स्त्रियांत घरोघरी आहे, तो खोटाच अधिक दिसतो. सबब धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या रोग्याचा एचबीए१सी साडेपाच आला म्हणून त्याला निरोगी ठरवणे धोक्याचे. त्याच्या रक्तातील प्रत्यक्ष साखरच मोजली पाहिजे.

आणि या सातपुड्यातल्या रोग्यापाशीच प्रारंभीचा तो प्रश्न पुन्हा उभा राहतो: हाडांना कातडे चिकटलेल्या, दारू न पिणाऱ्या, तिशीही न गाठलेल्या या तरुणाचा मधुमेह कोणता? तो टाइप वन असू शकतो. आतून मेदस्वी असा टाइप टू असू शकतो. स्वादुपिंडात खडे होऊन ती ग्रंथी निकामी झाल्यामुळे झालेला असू शकतो, जो उष्ण कटिबंधात, विशेषतः केरळात, पुष्कळ पाहिला गेला आहे. क्वचित एकाच जनुकातील दोषामुळे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला, मोडी नावाचा, असू शकतो. यांखेरीज आणखी एक शक्यता आहे, जिची कैफियत मोठी विलक्षण आहे. १९५५ साली जमैकात ह्यू-जोन्स या डॉक्टरांनी दोन्ही परिचित प्रकारांत न बसणारे काही कृश रोगी नोंदवले. पुढे भारतातही तसे आढळले. १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेने 'कुपोषणाशी निगडित मधुमेह' असा स्वतंत्र वर्ग केला, आणि १९९९ साली पुरावा अपुरा म्हणून तो रद्दही केला. रोगी मात्र रद्द झाले नाहीत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील संशोधकांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह २०२२ साली असे दाखवले की अशा रोग्यांत इन्शुलिन थोडे स्रवते, पण शरीर त्याला दाद बऱ्यापैकी देते. म्हणजे तो टाइप वन नव्हे आणि टाइप टूही नव्हे. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉक येथील जागतिक परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने त्याला 'टाइप फाइव्ह' म्हणून मान्यता दिली. सर्व तज्ज्ञांचे यावर एकमत झालेले नाही, आणि नव्या नावाने कोणाच्या ताटात भाकरी वाढली जात नाही हेही खरे; तथापि दप्तरात स्वतंत्र रकाना असल्यावाचून अशा रोग्यांची गणतीच होत नाही, म्हणून हा निर्णय मला स्वागतार्ह वाटतो. व्यवहारात याचा अर्थ असा की अशा रोग्याला टाइप वनच्या मापाने भरमसाट इन्शुलिन दिले आणि घरी दोन वेळचे अन्न नसले, तर रोगाआधी उपचारानेच त्याचा घात होऊ शकतो.

हा घात म्हणजे हायपो, रक्तातील साखर ७० च्या खाली उतरणे. अंगाला दरदरून घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी आणि चमत्कारिक वागणे अशी त्याची लक्षणे असतात. बाजारच्या दिवशी असा माणूस रस्त्यात पडला तर लोक दारुड्या म्हणून वळसा घालून जातात. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून ताबडतोब पाजावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर मोजावी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. एकादशी-नवरात्राच्या उपासात औषधाची मात्रा तीच ठेवून सकाळभर निरंकार राहणे आणि दुपारी साबुदाण्याची खिचडी व बटाटा यांवर ताव मारणे, यात आधी हायपो आणि मागाहून चढ, असे दोन्ही साधते.

इन्शुलिनची कुपी २ ते ८ अंश उष्णतामानात ठेवावी असा जाबता आहे, आणि जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. शीतपेटी नसेल, किंवा असून वीज नसेल, तर कुपी प्लॅस्टिकच्या डबीत घट्ट बंद करून, ओल्या वाळूत बसवलेल्या मातीच्या भांड्यात ठेवावी. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे बाष्पीभवनाने गारवा चांगला धरतो. वापरात असलेली कुपी अशा रीतीने बहुधा चार आठवडे चालते. बर्फाशी मात्र तिचा स्पर्श होऊ देऊ नये, कारण एकदा गोठलेले इन्शुलिन वितळल्यावर दिसावयास तसेच असते, पण निकामी झालेले असते. साखर मोजण्याच्या पट्ट्याही तापलेल्या पत्र्याच्या घरात बिघडतात.

शेवटी सिरिंज. आपल्याकडे कुपीतील इन्शुलिन बहुधा यू-४० असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० एकके. पेनमधील काडतुसात ते यू-१०० असते. सिरिंजाही दोन मिळतात: लाल टोपणाची यू-४० साठी आणि नारिंगी टोपणाची यू-१०० साठी. यू-४० च्या कुपीला नारिंगी टोपणाची सिरिंज लावून ४० च्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर प्रत्यक्षात १६ एककेच पोटात जातात आणि रोगी व डॉक्टर दोघेही साखर का उतरत नाही म्हणून कोड्यात पडतात; उलट यू-१०० चे औषध लाल टोपणाच्या सिरिंजने घेतले तर मात्रा अडीच पट होते. दुकानदाराने 'एकच आहे, चालेल' असे म्हटले तरी कुपीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा तिथल्या तिथे ताडून पाहावा, आणि जुळत नसेल तर सिरिंज परत करावी.